छद्मयादृच्छिक क्वांटम सर्किट: घरच्या लॅपटॉपवर सोंग उभं करा आणि मोडून बघा

दारात फौजदाराच्या वेशात बहुरूपी आला की पोरं आत पळतात आणि आजी हसत हसत सुपात धान्य घेऊन येते. वेश तोच, दरडावणी तीच. फरक आहे तो बघणाऱ्यात. छद्मयादृच्छिकतेचं, म्हणजे यादृच्छिकतेच्या (नाणेफेकीसारख्या बेभरवशीपणाच्या) सोंगाचं, सगळं शास्त्र याच फरकावर उभं आहे. समोरची गोष्ट खरोखर यादृच्छिक आहे का, हे इथे कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: ती कोणाला यादृच्छिक वाटायला हवी, बघणाऱ्याला वेळ किती, आणि त्याला ती किती वेळा बघू द्यायची?

साध्या संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅन्युएल ब्लूम, सिल्व्हिओ मिकाली आणि अँड्र्यू याओ यांनी नीट मांडला. २५६ बिटांचं बीज घ्या, त्यातून लाखो बिट काढा. बघणाऱ्याला वेळेच्या मर्यादेत ती खऱ्या नाणेफेकीपासून वेगळी ओळखता आली नाहीत, की झालं. क्वांटम स्थितींसाठी तीच व्याख्या २०१८ साली आली. जेंगफेंग जी, यी-काय लिउ आणि फांग सोंग यांनी ती मांडली. (सोंगावरच्या शोधनिबंधाच्या एका लेखकाचं आडनाव सोंग असावं, ही गंमत फक्त मराठी वाचकालाच कळणार.)

या लेखात आपण हे सोंग स्वतः उभं करू, त्याची झडती घेऊ, दोनदा ते उघडं पाडू आणि मग कूटशास्त्रात त्याचा उपयोग काय ते पाहू. क्वांटम संगणक लागत नाही. पायथन आणि त्यातली नमपाय ही लायब्ररी पुरते. संमिश्र संख्या, सदिश आणि हॅडामार्डसारखे साधे गेट एवढं माहीत असलं तर अडणार नाही.

आधी मापं ठरवा

क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचं बिट. १० क्यूबिटची स्थिती म्हणजे १०२४ संमिश्र संख्यांचा सदिश. प्रत्येक संख्येला १६ बाइट, म्हणजे एकूण १६ किलोबाइट. लॅपटॉपला त्याचं काहीच नाही. २० क्यूबिटला १६ मेगाबाइट लागतात, ३० ला १६ गिगाबाइट. म्हणून सगळे प्रयोग १० क्यूबिटवर करा आणि शेवटचा एकच २० वर. मोठ्या आकड्याचा मोह टाळा, कारण लहान आकड्यावर सोंग उघडं पडतं आणि आपल्याला तेच बघायचंय.

एक खोच आधीच सांगतो. किस्किट ही क्वांटम सर्किटांची पायथन लायब्ररी वापरत असाल तर त्यात शून्यावा क्यूबिट उत्तराच्या उजव्या टोकाला लिहिला जातो. नमपायमध्ये स्वतः सदिशाची घडी घातलीत, तर पहिला अक्ष डावीकडचा असतो. दोन्हींची सरमिसळ केलीत तर आकडे सुंदर दिसतील आणि चूक असतील.

पायरी १: खरा फौजदार

सोंग ओळखायचं तर अस्सल काय ते माहीत हवं. क्वांटम जगातलं अस्सल यादृच्छिक म्हणजे हार मापानुसार निवडलेली स्थिती किंवा युनिटरी (सदिशाची लांबी न बदलणारा, उलट फिरवता येणारा मॅट्रिक्स). हार हे हंगेरीचे गणिती आल्फ्रेड हार. कल्पना सोपी आहे: सगळ्या दिशांना सारखी संधी, कोणत्याही दिशेला झुकतं माप नाही.

हार स्थिती बनवणं अगदी सोपं. १०२४ संमिश्र संख्या घ्या, प्रत्येकीचा वास्तव आणि काल्पनिक भाग सामान्य वितरणातून काढा, मग पूर्ण सदिशाला त्याच्या लांबीने भागा.

हार युनिटरी बनवताना मात्र बहुतेक जण एकदा तरी घसरतात. मीही घसरलो होतो. कृती अशी की सामान्य वितरणातल्या संमिश्र संख्यांनी चौरस मॅट्रिक्स भरायचा आणि त्याचं क्यू-आर विघटन करायचं, म्हणजे तो क्यू आणि आर या दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात मांडायचा. मिळालेला क्यू युनिटरी असतो, म्हणून आपण खूश होऊन पुढे जातो. पण लायब्ररी आतून जी पद्धत वापरते त्यामुळे त्या क्यूच्या स्तंभांच्या फेजमध्ये झुकाव शिरतो, आणि तो हार मापाचा उरत नाही. उपाय एका ओळीचा आहे. आरच्या कर्णावरची प्रत्येक संख्या तिच्या परिमाणाने भागा. त्यातून निव्वळ फेज उरतो. क्यूच्या त्या-त्या स्तंभाला त्या फेजने गुणा. ही ओळ विसरलात तर पुढच्या काही चाचण्यांत फरक दिसणारही नाही, आणि म्हणूनच ही चूक धोकादायक.

आता प्रश्न असा की अस्सल माल हाताशी असताना सोंग कशाला? कारण अस्सल परवडत नाही. १० क्यूबिटच्या युनिटरीचं वर्णन करायला, सामाईक फेज सोडून, १०,४८,५७५ स्वतंत्र वास्तव संख्या लागतात. दोन क्यूबिटच्या एका गेटमध्ये जास्तीत जास्त १५ मावतात. म्हणजे नुसत्या मोजणीने पाहिलं तरी ७०,००० च्या आसपास गेट हवेत. ५० क्यूबिटला हाच आकडा २९ अंकी होतो. असं सर्किट कोणी बांधणार नाही आणि त्याची किल्ली कोणी साठवणार नाही.

पायरी २: विटांचं सर्किट

१० क्यूबिट एका रांगेत मांडा. पहिल्या थरात १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-१० या जोड्यांवर एकेक यादृच्छिक गेट लावा. दुसऱ्या थरात २-३, ४-५, ६-७, ८-९. मग पुन्हा पहिल्यासारखा थर. गवंडी जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तशीच ही रचना. प्रत्येक गेट म्हणजे पायरी १ मधल्या पद्धतीने काढलेला ४ बाय ४ चा हार मॅट्रिक्स, दरवेळी नवा.

गेट लावण्यासाठी १०२४ बाय १०२४ चा मॅट्रिक्स बांधायची गरज नाही. सदिशाला १० अक्षांची घडी घाला, प्रत्येक अक्ष २ लांबीचा. गेटलाही २-२-२-२ अशी घडी घाला आणि हव्या त्या दोन अक्षांवर टेन्सर गुणाकार करा. गुणाकारानंतर ते दोन अक्ष पुढे सरकलेले असतात, त्यांना जागच्या जागी परत ठेवा. हे विसरलं तरी प्रोग्रॅम मुकाट्याने चालतो. म्हणून प्रत्येक थरानंतर सदिशाची लांबी १ आहे ना हे बघाच, पण त्यावर विसंबू नका. अक्ष चुकले तरी लांबी १ च राहते. खरी तपासणी वेगळी: शून्य स्थितीतल्या एखाद्या क्यूबिटवर उलटणारा गेट लावा आणि तोच क्यूबिट उलटला का ते पाहा.

पायरी ३: पहिली झडती

स्थितीतल्या प्रत्येक आयामाच्या, म्हणजे सदिशातल्या संमिश्र संख्येच्या, परिमाणाचा वर्ग म्हणजे त्या उत्तराची संभाव्यता. सगळ्या १०२४ संभाव्यतांचे वर्ग करा, त्यांची बेरीज घ्या, तिला १०२४ ने गुणा. याला मी टक्कर-अंक म्हणतो, कारण दोनदा मोजल्यावर तेच उत्तर पुन्हा येण्याची शक्यता यातून कळते.

आकडे असे यायला हवेत. सुरुवातीच्या शून्य स्थितीला १०२४. एका थरानंतर सरासरी १०.४९; प्रत्येक जोडी १.६ चं योगदान देते आणि अशा पाच जोड्या, म्हणून १.६ चा पाचवा घात. हार स्थितीला २ ला किंचित कमी. विटांच्या सर्किटात थर वाढवत गेलात की अंक झपाट्याने उतरतो आणि वीसएक थरांत २ च्या जवळ स्थिरावतो. एका सर्किटवर तो थोडा मागेपुढे होईल, तेव्हा ५० सर्किटांची सरासरी घ्या.

इथे थोडं थांबा, कारण गैरसमजाचं मूळ इथेच आहे. सगळी उत्तरं सारख्याच संभाव्यतेची असती, तर अंक १ आला असता. अस्सल यादृच्छिक क्वांटम स्थितीचा अंक मात्र २ येतो. म्हणजे अस्सल मालाचा पृष्ठभाग सपाट नसतो, खडबडीत असतो. काही उत्तरं सरासरीच्या तिप्पट-चौपट वेळा येतात, बरीचशी सरासरीच्या खालीच राहतात. १०२४ पैकी साधारण ६३ टक्के उत्तरांची संभाव्यता सरासरीपेक्षा कमी निघेल, आणि ५० च्या आसपास उत्तरं सरासरीच्या तिपटीवर असतील. आलेख काढलात तर घातांकी उतार दिसतो. १९५६ मध्ये चार्ल्स पोर्टर आणि रॉबर्ट थॉमस यांना हाच आकार अणुकेंद्रांच्या अभिक्रियांमध्ये सापडला होता, म्हणून त्याला पोर्टर-थॉमस वितरण म्हणतात.

याचा रोखठोक अर्थ असा की यादृच्छिक सर्किटातून निघालेली बिटं जशीच्या तशी गुप्त किल्ली म्हणून वापरता येत नाहीत. ती सपाट नाहीत. ‘क्वांटम’ एवढा शब्द ऐकून माल विकत घेणाऱ्यांसाठी ही ओळ फ्रेम करून ठेवण्यासारखी आहे.

पायरी ४: झडतीत पास, तरी तोतया

आता विटांऐवजी फक्त तीन गेट वापरा: हॅडामार्ड, फेज गेट आणि सी-नॉट. भरपूर थर, कुठला गेट कुठे हे यादृच्छिक. या तीन गेटांतून बनणाऱ्या सर्किटांना क्लिफर्ड म्हणतात. किस्किटमध्ये यादृच्छिक क्लिफर्ड देणारं तयार फंक्शन आहे, तेही चालेल. अशा शेकडो सर्किटांचा टक्कर-अंक काढून सरासरी घ्या. ती पुन्हा २ येते! हार स्थितीची जी सरासरी, तीच.

पण आता एकेका सर्किटाचा अंक बघा: १, २, ४, ८. नेहमी २ चा कुठला तरी घात, अधलंमधलं काही नाही. आलेखात घातांकी उतार नाही. एक तर संभाव्यता शून्य, नाही तर सगळ्यांची सारखी. सरासरीने अचूक नक्कल केली, चेहऱ्याने नाही.

यामागचं गणित सुंदर आहे. क्लिफर्ड गट हा युनिटरी ३-डिझाइन आहे. म्हणजे स्थितीच्या तीन प्रती एकत्र तपासणाऱ्या कोणत्याही प्रयोगाला, मग तो कितीही शक्तिशाली असो, किल्ली माहीत नसताना क्लिफर्ड आणि हार यांत सरासरीने काडीचाही फरक दिसत नाही. चौथ्या प्रतीला मात्र सोंग गळून पडतं, कारण तो ४-डिझाइन नाही. त्यात क्लिफर्ड सर्किटं साध्या संगणकावर झटपट चालवता येतात (गॉट्समन-निल प्रमेय), आणि क्यूबिटांच्या संख्येच्या प्रमाणात प्रती मिळाल्या तर ती स्थिती नेमकी कोणती हे पूर्ण शोधूनही काढता येतं.

तेव्हा डिझाइन आणि छद्मयादृच्छिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिझाइन म्हणजे ठरलेल्या संख्येइतक्या प्रती देऊन कोणालाही फसवणं, समोर कितीही ताकदवान असो. छद्मयादृच्छिक म्हणजे प्रतींच्या संख्येवर आधी हद्द न घालता, पण वेळेची मर्यादा असलेल्यालाच फसवणं. कूटशास्त्राला दुसरी हवी असते, कारण शत्रू किती प्रती गोळा करेल हे आपल्या हातात नाही. त्याच्याकडे विश्वाच्या वयाइतका वेळ नाही, एवढंच आपण धरून चालू शकतो.

पायरी ५: किल्लीवरून स्थिती

आता खरं सोंग. कृती ऐकून निराश व्हाल इतकी सोपी आहे. १० क्यूबिट शून्यात ठेवा, प्रत्येकावर हॅडामार्ड लावा. आता १०२४ आयाम, प्रत्येक १/३२. मग किल्ली वापरून यातल्या काही आयामांची चिन्हं उलटी करा. चिन्ह उलटायचं की नाही हे ० ते १०२३ मधला क्रमांक आणि किल्ली यांच्यावरून एक फंक्शन ठरवतं. बस. जी, लिउ आणि सोंग यांच्या मूळ रचनेत चिन्हांऐवजी अनेक पायऱ्यांचे फेज होते. नुसती अधिक-उणे चिन्हंही पुरतात, हे झ्विका ब्रेकरस्की आणि ओम्री श्मुएली यांनी २०१९ मध्ये दाखवलं.

फंक्शन कोणतं, यात सगळा जीव आहे. म्हणून आधी मुद्दाम वाईट निवडा. १० बिटांची किल्ली घ्या. क्रमांकातली जी बिटं किल्लीत १ आहेत तेवढ्यांची बेरीज करा. विषम आली तर चिन्ह उलटं. निम्मी चिन्हं अधिक, निम्मी उणे (किल्ली सगळी शून्य नसेल तर). मोजून बघितलं तर प्रत्येक उत्तर सारख्या संभाव्यतेने येतं. वरवर काही संशय नाही.

आता प्रत्येक क्यूबिटवर पुन्हा एक हॅडामार्ड लावा आणि मोजा. उत्तर म्हणून थेट किल्ली हातात येते. एक प्रत, एक थर, शंभर टक्के खात्री. एथन बर्नस्टीन आणि उमेश वझिरानी यांचा १९९३ चा अल्गोरिदम तो हाच, फक्त आपण त्याच्याकडे चोराच्या बाजूने पाहिलं. हा प्रयोग टाळू नका. फंक्शन वरवर विस्कटलेलं दिसणं आणि सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे सगळ्या क्रमांकांवर एकदम, प्रश्न विचारणाऱ्यासमोर टिकणं यांत किती अंतर आहे, हे असं एकदा हातात किल्ली आल्यावर जे समजतं, ते व्याख्या वाचून समजत नाही.

मग चांगलं फंक्शन. २५६ बिटांची किल्ली घ्या, क्रमांकावर एचमॅक-शा-२५६ (किल्ली मिसळून मजकुराचा २५६ बिटांचा काला करणारं प्रमाण फंक्शन) चालवा, निकालाचं शेवटचं बिट चिन्ह म्हणून वापरा. पायथनच्या प्रमाण लायब्ररीतच हे मिळतं. पुन्हा हॅडामार्डचा थर लावून मोजा: आता कुठलंच उत्तर वर येत नाही, नुसता गोंधळ. खऱ्या क्वांटम यंत्रावर हेच करायचं तर हे फंक्शन उलट फिरवता येणाऱ्या गेटांत लिहावं लागेल, आणि ते बरंच महाग पडतं. सिम्युलेटरवर एक वळसा पुरतो.

किल्ली १२८ ऐवजी २५६ बिटांची का? ग्रोव्हरच्या शोध-अल्गोरिदममुळे १२८ बिटांची किल्ली क्वांटम शत्रूला साधारण २ च्या ६४ व्या घाताइतक्या प्रयत्नांत सापडते. आणि साध्या जगात सिद्ध झालेली सुरक्षितता इथे आपोआप लागू होत नाही. ईव्हन-मन्सूर ही साध्या शत्रूविरुद्ध सिद्ध झालेली कूटलेखनाची रचना, शत्रूला सुपरपोझिशनमध्ये प्रश्न विचारू दिले की सायमनच्या अल्गोरिदमपुढे कोसळते. क्वांटम शत्रूपुढेही टिकणारी फंक्शनं बनवता येतात, याची सिद्धता मार्क झांड्री यांनी २०१२ मध्ये दिली.

पायरी ६: तीनशे प्रती

चाणाक्ष वाचकाने इथे हात वर केला असेल. अस्सल स्थितीचा पृष्ठभाग खडबडीत असतो, टक्कर-अंक २. आपल्या सोंगाचा पृष्ठभाग तर सपाट आहे, अंक बरोबर १. मग हे उघडं पडलंच की!

पडलं, पण तुम्हाला. तुम्ही सिम्युलेटरच्या आत बसून सगळे आयाम वाचताय. बघणाऱ्याच्या हातात स्थितीच्या प्रती असतात. प्रत्येक प्रत मोजली की एक उत्तर मिळतं आणि प्रत संपते. आता त्याच्या जागी बसा. सोंगाच्या ३०० प्रती मोजा, किती जोड्यांत तेच उत्तर पुन्हा आलं ते मोजा. एकूण जोड्या ४४,८५०, म्हणून सोंगात सरासरी ४३.८ टकरा अपेक्षित. हार स्थितीच्या ३०० प्रतींत सरासरी ८७.५. फरक डोळ्यांना दिसतो. १० क्यूबिटवर आपला बहुरूपी पकडला गेला.

आता तेच २० क्यूबिटवर करा. पर्याय १०,४८,५७६. सोंगात सरासरी ०.०४३ टकरा, हारमध्ये ०.०८६. म्हणजे दोन्हीकडे बहुतेक वेळा शून्य. पोलीस रिकाम्या हाताने परत. टकरा दिसू लागायला पर्यायांच्या वर्गमुळाइतक्या प्रती लागतात: १० क्यूबिटला ३२, २० ला १०२४, आणि १२८ क्यूबिटला १८ वर १८ शून्यं, म्हणजे २ चा ६४ वा घात. हे झालं फक्त एका चाचणीबद्दल. प्रमेय जास्त सांगतं: चिन्हं खरोखर यादृच्छिक असतील, तर सगळ्या प्रती हाताशी ठेवून कोणताही क्वांटम प्रयोग केला, तरी प्रतींच्या संख्येचा वर्ग भागिले पर्यायांची संख्या, या मापापलीकडे फरक दिसत नाही. उरतो तो फंक्शन फोडण्याचा मार्ग, आणि तो आपण पायरी ५ मध्ये बंद केला, निदान आज सगळ्यांची तशी खात्री आहे.

याच कारणाने छोट्या यंत्रांवर कूटशास्त्राचा दावा करता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डीआरडीओची पुण्याची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या सोबतीने ६ क्यूबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. अभियांत्रिकी म्हणून ती मोठी गोष्ट आहे. पण ६ क्यूबिट म्हणजे ६४ पर्याय, आठ-दहा प्रतींत टकरा सुरू.

पायरी ७: स्थितीकडून युनिटरीकडे

स्थिती म्हणजे एक वेश. युनिटरी म्हणजे कोणीही काहीही विचारलं तरी वेश सांभाळून उत्तर देणं. साहजिकच अवघड. २०१८ च्या निबंधाने अशा छद्मयादृच्छिक युनिटरीची व्याख्या केली, रचनाही सुचवल्या. सिद्धतेला सहा वर्षं गेली.

२०२४ मध्ये टोनी मेटगर, अलेक्झांडर पोरेम्बा, मकरंद सिन्हा आणि हेन्री युएन यांनी एक नेटकी रचना दिली: आधी यादृच्छिक क्लिफर्ड, मग किल्लीवाली चिन्हं, मग किल्लीवर चालणारी क्रमपालट. पायरी ४ आणि ५ चं साहित्य तुमच्याकडे आहेच. क्रमपालट म्हणजे १०२४ आयामांच्या जागा बदलणं. चार ओळींत होतं, करून बघा. त्यांची सिद्धता सगळे प्रश्न एकदम विचारणाऱ्या शत्रूपुरती होती. त्याच वर्षी फर्मी मा आणि सिन-युआन ह्वांग यांनी एकेक उत्तर पाहून पुढचा प्रश्न ठरवणाऱ्या शत्रूविरुद्धही ती टिकते हे सिद्ध केलं.

आणि अशी सर्किटं खोल असावी लागतात हा समजही गेला. थॉमस शुस्टर, योनास हाफरकाम्प आणि ह्वांग यांनी दाखवलं की रांगेतल्या क्यूबिटांवर डिझाइन बनायला क्यूबिटांच्या संख्येच्या लॉगॅरिदमइतके थर पुरतात. लहान लहान तुकडे विटांसारखे एकमेकांवर अर्धे सरकवून जोडले की झालं.

मग कूटशास्त्रात याचं काय?

‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात. क्वांटम पैशाचं तत्त्व नेमकं हेच. स्टीफन वीस्नर यांनी ही कल्पना १९७० च्या सुमारास लिहिली, छापून आली १९८३ मध्ये. अज्ञात क्वांटम स्थितीची प्रत काढता येत नाही, तर मग नोटच क्वांटम स्थितीची करा. छद्मयादृच्छिक स्थितीने त्यात सोय आणली. बँक फक्त एक किल्ली ठेवते, पायरी ५ च्या कृतीने हव्या तितक्या एकसारख्या नोटा काढते, आणि नोट परत आली की कृती उलटी चालवून सगळे क्यूबिट शून्यावर येतात का ते पाहते. चोराने शंभर नोटा जमवल्या तरी त्याला एकशे एकावी बनवता येत नाही, हे सिद्ध झालं आहे. अडचण एवढीच की खरी-खोटी फक्त बँकच सांगू शकते, आणि नोट पाकिटात सेकंदभरही टिकायची नाही.

याहून खोल परिणाम वेगळाच आहे. आजचं सगळं साधं कूटशास्त्र एकदिशा फंक्शनांवर उभं आहे: करायला सोपं, उलटायला अवघड. उद्या कोणी पी आणि एनपी एकच आहेत (म्हणजे ज्याचं उत्तर झटपट तपासता येतं, ते झटपट शोधताही येतं) असं सिद्ध केलं आणि व्यवहारात वापरता येईल अशी पद्धत दिली, तर ही सगळी इमारत बसली. क्वांटम सोंगाला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू दिसत नाही. विल्यम क्रेचमर यांनी २०२१ मध्ये ओरॅकलच्या (विचारलं की उत्तर देणाऱ्या कल्पित पेटीच्या) सापेक्ष असं काल्पनिक जग बांधून दाखवलं, जिथे बीक्यूपी आणि क्यूएमए (पी आणि एनपी यांची क्वांटम भावंडं) एकच आहेत, तरीही छद्मयादृच्छिक युनिटरी टिकून आहेत. २०२२ मध्ये दोन गटांनी, तोमोयुकी मोरिमाए आणि ताकाशी यामाकावा यांनी, तसंच प्रभंजन अनंत, लुओवेन चियान आणि युएन यांनी, एकदिशा फंक्शनांशिवाय निव्वळ अशा स्थितींवरून वचनबद्धता (उत्तर आधी सीलबंद करून देणं, नंतर उघडणं) आणि एकदाच वापरायची सही करता येते हे दाखवलं.

असं कसं होऊ शकतं? कारण एनपीचा प्रश्न कागदावर लिहिलेली अक्षरं मागतो. इथे शत्रूच्या हातात अक्षरं नाहीतच, स्थिती आहे. ती वाचायला गेलं की मोडते. सर्वज्ञ साधा संगणक शेजारी ठेवला, तरी त्याला द्यायला प्रश्नपत्रिकाच नाही. अर्थात ओरॅकलचा निकाल म्हणजे दिशा दाखवणारी पाटी, गाव नव्हे.

खऱ्या यंत्रांवर

गूगलच्या सिकमोर चिपने २०१९ मध्ये ५३ क्यूबिट आणि २० फेऱ्यांच्या सर्किटावर साधारण २०० सेकंदांत दहा लाख नमुने काढले. ते अस्सल सर्किटातून आलेत हे तपासायची पद्धत तुम्ही घरी करू शकता: विटांच्या सर्किटातून नमुने काढा, प्रत्येक नमुन्याची आदर्श संभाव्यता सिम्युलेटरवरून पाहा, सरासरीला १०२४ ने गुणा, १ वजा करा. निर्दोष यंत्राला १ च्या आसपास, नुसत्या नाणेफेकीला ०. सिकमोरचा हा अंक ०.००२ च्या आसपास होता. इवलासा, पण शून्य नव्हे.

२०२५ मध्ये क्वांटिन्युअमच्या ५६ क्यूबिटच्या यंत्रावर जेपीमॉर्गन चेसच्या चमूने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तपासणीच्या बळावर ७१,३१३ बिटांची एन्ट्रॉपी (अस्सल अनिश्चितता) प्रमाणित केली. यंत्र इंटरनेटच्या पलीकडे होतं आणि त्यावर विश्वास ठेवायची गरज नव्हती. आव्हान देणारी सर्किटं साध्या छद्मयादृच्छिक बीजातून काढली होती. तपासणीला मात्र महासंगणक लागले.

तुमच्या किल्लीसाठी

वरच्या प्रयोगातली बिटं खऱ्या कामाला लावू नका. सिम्युलेटरमधून कितीही क्यूबिट फिरवले तरी बीजात जेवढी अनिश्चितता होती तेवढीच बाहेर येते, आणि नमपायचा यादृच्छिक जनक कूटशास्त्रासाठी बनवलेलाच नाही. बीज छोटं पडलं की काय होतं ते डेबियन या लिनक्स प्रणालीने दाखवलं: २००६ मध्ये किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीतल्या एका दुरुस्तीने एन्ट्रॉपी जाता जाता उडाली, आणि २००८ मध्ये लक्षात येईपर्यंत प्रत्येक प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले होते. कोणीही बसून मोजावेत एवढे.

किल्ली हवी तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या जनकाकडून घ्या. पायथनमध्ये त्यासाठी सिक्रेट्स नावाचं मॉड्यूल आहे. पायरी ५ मधली २५६ बिटांची किल्लीही तिथूनच घ्या. क्वांटम शत्रूची काळजी असेल तर अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेली २०३, २०४ आणि २०५ क्रमांकाची प्रमाणकं आजच्या साध्या संगणकांवर चालतात. प्रयोगाच्या नोटबुकात मात्र बीज ४२ खुशाल ठेवा, म्हणजे तुमचे ४४-८८ चे आकडे दुसऱ्याला पडताळता येतील. फक्त ते नोटबुक आणि किल्ली बनवणारी फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवू नका.